चोक ओढला की चालतो, सोडला की बंद: छोट्या इंजिनाच्या कार्बोरेटरचं काय बिघडतं

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या गणपती मंडळाकडे एक छोटा पेट्रोलचा जनरेटर आहे. दोरी ओढून चालू करायचा, 163 सीसीचं इंजिन, लाइट गेली तर आरतीचा माइक आणि माळा चालतील एवढा. त्याचं आयुष्य म्हणजे वर्षातले दहा दिवस ड्युटी आणि बाकी साडेअकरा महिने जिन्याखाली, तुटक्या खुर्च्या आणि मागच्या मखराच्या सामानासोबत. दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री त्याला बाहेर ओढतात, दोन पोरं आळीपाळीने खांदे दुखेपर्यंत दोरी खेचतात, आणि तो एक तर लागतच नाही किंवा लागला तर चोक ओढून ठेवलाय तोवरच चालतो, चोक सोडला की दोन गचके आणि ठप्प. मागच्या वर्षी एका मिस्त्रीला बोलावलं, त्याने पाना सुद्धा न लावता सांगून टाकलं, "भिया, कार्बेटर गया इसका, नया डलेगा." खजिनदार काकांनी माझ्याकडे बघितलं, कारण गल्लीत मी "याला मशीनचं कळतं" म्हणून उगाच बदनाम आहे.

कार्बोरेटर गेलेला नव्हता. एका भोकात कचरा होता, बस. आणि माझं म्हणणं असं की छोट्या इंजिनांत दहातल्या बहुतेक वेळा हेच असतं, कारण कार्बोरेटर म्हणजे शेवटी ॲल्युमिनियमचा एक ठोकळा, त्यात आरपार भोकं आणि दोन-तीन पितळी बारीक तुकडे, झिजून जावं असं त्यात फार काही नसतंच. पण कुठलं भोक बंद झालंय हे उघडण्याआधी कळायला हवं, आणि ते कळतं इंजिन कधी रडतं आणि कधी नीट चालतं त्यावरून. स्क्रू फिरवून कळत नाही. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं फक्त स्क्रूच फिरवलेत, म्हणून सांगतोय.

आधी तो काम काय करतो ते बघू. जुन्या घरांत डास मारायचा फ्लिटचा पंप असायचा, आठवतोय? पुढे डबी, मागे लांब नळकांडं, दांडा ढकलला की डबीतल्या नळीच्या तोंडावरून जोरात हवा जायची आणि खालचं औषध आपोआप वर चढून फवारा व्हायचा. औषध वर कुणी ढकलत नव्हतं. हवा जिथे जोरात धावते तिथे तिचा दाब कमी होतो, आणि डबीतल्या औषधावर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, तो त्याला वर चढवतो. कार्बोरेटर तसाच, फक्त हवा ढकलायच्या ऐवजी पिस्टन खाली जाताना ती ओढतो. मध्ये नळी मुद्दाम अरुंद केलेली असते, तिला व्हेंचुरी म्हणतात, व्हेंचुरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञावरून, आणि त्या अरुंद गळ्यात पेट्रोलची नळी उघडते. एवढंच.

हिशोब मात्र कडक आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. लिटरात सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा, म्हणजे दोनशे लिटरचे पंचेचाळीस ड्रम भरून! त्यात पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण "लीन", जास्त झालं तर "रिच", आणि कार्बोरेटरच्या बहुतेक सगळ्या तक्रारी फिरून या दोन शब्दांवरच येतात. लीन झालं की इंजिन गरम होतं, गचके खातं, रेस दिली की बसतं. रिच झालं की काळा धूर, पेट्रोलचा वास, काळा ओला प्लग आणि ॲव्हरेजची बोंब.

आता आतली रचना. खाली एक वाटी असते, मिस्त्री तिला कटोरी म्हणतात. त्यात फ्लोट, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या टाकीतला बॉल असतो ना, नर्मदेचं पाणी आलं की टाकी भरते, बॉल वर येतो आणि पाणी बंद, डिट्टो तेच. फ्लोट वर आला की एक टोकदार सुई पेट्रोलचं भोक बंद करते, पेट्रोल खाली गेलं की उघडते. कटोरीत पेट्रोलची पातळी कायम एकसारखी राहावी म्हणून हा खटाटोप, कारण पातळी बदलली की वर किती पेट्रोल चढणार तेही बदलतं.

त्या कटोरीतून वर जायला दोन वेगळे रस्ते आहेत आणि खरी गंमत इथे आहे. मोठा रस्ता मेन जेटचा (जेट म्हणजे मापाचं भोक पाडलेला बारीक तुकडा), तो रेस दिल्यावर, लोड आल्यावर काम करतो. छोटा रस्ता पायलट जेटचा, ज्याला स्लो जेट पण म्हणतात, तो इंजिन हळू चालताना किंवा बिनलोडचं चालताना. दोन्ही पितळेचे. कीहीन कंपनीच्या पायलट जेटवर 35 आकडा असेल तर भोक साधारण 0.35 मिलिमीटरचं समजायचं, म्हणजे चार-पाच केस एकत्र धरले तर जेमतेम जातील. एवढ्याशा भोकातून पेट्रोल जाणार, आणि वर्षभर पडलेलं पेट्रोल आटून गुळाच्या पाकासारखं चिकट झालं की पहिलं बंद कोण पडणार? अर्थात पायलट.

पेट्रोल असं का होतं तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं पेट्रोल म्हणजे पेट्रोल, ते काय दूध आहे नासायला. पण ते एकच द्रव्य नाही, हलक्या-जड शंभर गोष्टींचं मिश्रण आहे. हलक्या गोष्टी, ज्यांच्यामुळे थंड इंजिन चटकन पेटतं, त्या आधी उडून जातात. उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनसोबत हळूहळू बदलत जातं आणि त्याचा पिवळट-तपकिरी डिंक बनतो, वास पण बदलतो, आंबूस, जुन्या रंगाच्या डब्यासारखा. शिवाय आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी जोडीने पेट्रोलमधून वेगळे होऊन तळाशी बसतात. कार्बोरेटर पितो कुठून? तळातूनच. इथेनॉलला हवा पण कमी लागते, एक किलोला नऊच किलो, म्हणजे जुन्या काळच्या शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटमधून हे पेट्रोल गेलं तर मिश्रण आपोआप थोडं लीन होतं. चांगल्या इंजिनाला ते सहन होतं, पण ज्याचं पायलट जेट आधीच अर्धं बुजलंय त्याला तेवढंच निमित्त पुरतं.

तर आमचा जनरेटर. चोकवर चालतो, चोक सोडला की बंद. चोक म्हणजे काय, तर हवेच्या तोंडावरचं झाकण. ते लावलं की हवा कमी येते आणि आत ओढ वाढते, सगळ्या भोकांतून पेट्रोल जोरात खेचलं जातं. थंड इंजिनाला सुरुवातीला हे लागतंच. पण गरम झाल्यावरही जो चोकशिवाय चालत नाही तो ओरडून सांगतोय की मला पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे लीन. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

मग कुठे कमी पडतंय? मी चोक अर्धा ठेवून तो कसाबसा चालवला, तर रेस आपोआप वर-खाली, घूंऽऽ घुर्र घूंऽऽ घुर्र, झोपलेल्या माणसाच्या घोरण्यासारखी. जनरेटरमध्ये गव्हर्नर असतो, पन्नास हर्ट्झसाठी 3000 फेरे धरून ठेवणं हे त्याचं काम. मिश्रण लीन झालं की फेरे पडतात, गव्हर्नर थ्रॉटल, म्हणजे मिश्रण आत सोडणारी झडप, उघडतो, मग फेरे जास्त होतात, तो परत बंद करतो, परत पडतात, हेच चालू राहतं. लोक याला गव्हर्नर खराब म्हणतात आणि त्याच्या स्प्रिंगा खेचत बसतात, बिचाऱ्याची काही चूक नसते. मग मी काकूंकडून पाणी तापवायचा रॉड आणला, बादलीत बुडवला आणि जनरेटरला जोडला. लोड आला आणि साहेब एकदम शांत, सरळ आवाज. रॉड काढला, परत घोरणं सुरू. लोडवर मेन जेट काम करतो, बिनलोडवर पायलट. लोडवर नीट, रिकामा असताना घोरतो, म्हणजे मेन ठीक, पायलट बुजलेलं. कार्बोरेटर न उघडता हे कळलं आणि नवीन कार्बोरेटरचे पैसे वाचले. (हे सगळं अंगणात हां. जनरेटर बंद खोलीत किंवा मांडवाच्या आत कधीच चालवायचा नाही, त्याच्या धुराला कधीकधी वासही जाणवत नाही आणि माणूस झोपेतच जातो.)

उलटा प्रकार पण असतो, हळू चालतो मस्त आणि रेस दिली की बसतो. तिथे मेन जेटमध्ये कचरा किंवा कटोरीत पेट्रोलच पुरेसं पोचत नाहीये. पाच-सात मिनिटं चालून बंद पडणारे, थोडं थांबून परत चालू होणारे, हे बहुतेक वेळा कार्बोरेटरचे पेशंट नसतातच. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला एक बारीक भोक असतं, ते धुळीने बंद झालं की पेट्रोल खाली गेल्यावर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. बंद पडल्यावर लगेच झाकण फिरवून बघा, फुस्स झालं आणि मग गाडी लागली तर दहा मिनिटांत केस बंद. झाकण सैल ठेवून चालवून पण बघता येतं.

कार्बोरेटरवर आरोप ठेवायच्या आधी बाकीच्यांचीही झडती घ्यायची असते, हा भाग मी पटकन उरकतो कारण कंटाळवाणा आहे पण सोडू नका. पेट्रोल येतंय का, कार्बोरेटरकडची नळी काढून पेट्रोलचा कॉक उघडा, सरळ धार पडली पाहिजे, थेंब-थेंब नाही. एअर फिल्टर काढून बघा, मांडवाच्या धुळीने तो गादीसारखा झालेला असतो. प्लग काढा, विटकरी-तपकिरी म्हणजे तब्येत छान, काजळीने काळा म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, आणि इतक्या वेळा दोरी ओढूनही ठणठणीत कोरडा म्हणजे पेट्रोल आत पोचतच नाहीये. जनरेटरमध्ये आणखी एक, ऑइल कमी असेल तर बऱ्याच मॉडेलांत एक स्विच ठिणगीच बंद करतो, इंजिन वाचावं म्हणून. आमच्याकडे एका वर्षी दोन तास कार्बोरेटर साफ केला आणि शेवटी निघालं की ऑइल कमी आहे आणि जनरेटर उतारावर ठेवलाय. तेव्हा माझी काय शोभा झाली ते सोडा.

ठिणगी आहे, प्लग कोरडा आहे, तर प्लगच्या भोकातून पेट्रोलचे पाच-सहा थेंब टाकायचे, प्लग घट्ट परत लावायचा, आणि दोरी. दोन सेकंद भडकून बंद पडला तर इंजिन, ठिणगी, कॉम्प्रेशन सगळं बरं आहे, उपाशी आहे फक्त. आता उघडा कार्बोरेटर.

उघडताना जवळ समई-निरांजन नको, बिडी नको, शेजारच्या काकांची पण नको. इंजिन थंड असू द्या. कॉक बंद. कटोरीच्या तळाला बहुतेक ठिकाणी एक ड्रेनचा स्क्रू असतो, त्याखाली काचेची बाटली धरून तो सोडा. ती काचेची बाटली महत्त्वाची आहे, प्लास्टिकच्या मगात काही दिसत नाही. उजेडात धरून बघा. आमच्या बाटलीत पेट्रोल चहाच्या रंगाचं होतं आणि तळाशी वाटाण्याएवढा एक गोळा, स्वच्छ, पाऱ्यासारखा, बाटली तिरकी केली की अख्खाच्या अख्खा घरंगळणारा. ते पाणी. पेट्रोलपेक्षा जड म्हणून खाली, आणि त्याच्याबरोबर गंजाचे बारीक लाल कण. पोरांना दाखवलं तर सगळे मोबाइल काढून फोटो काढायला लागले.

मग कटोरीचा बोल्ट, आमच्यात दहा नंबरचा पाना लागतो. कटोरी खाली येताना तिचं रबरी पॅकिंग ताणू नका, ते पेट्रोल पिऊन फुगलेलं असतं आणि परत बसवताना खाचेत मावत नाही, थोडा वेळ उघडं ठेवलं की आपोआप आखडतं. फ्लोटची पिन हाताने किंवा पकडीने हळूच सरकवायची, ठोकायची नाही, ती ज्या दोन पायांत बसते ते मोडले की मग खरंच नवीन कार्बोरेटर. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत खळखळ आली तर त्याला भोक आहे, तो बुडतोय, आणि म्हणून पेट्रोल ओसंडून वाहतंय. सुईच्या टोकाला बघा, रबराच्या टोकावर गोल चरा पडला असेल तर ती भोक नीट बंद करत नाही, बदलून टाका, स्वस्त असते.

सुई गळत असेल तर एक गंभीर गोष्ट होते आणि ती कुणी सांगत नाही. कॉक उघडा राहिला तर पेट्रोल रात्रभर झिरपत झिरपत इंजिनाच्या आत, सिलेंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काडी काढली तर पातळी वर गेलेली आणि काडीला पेट्रोलचा वास. अशा ऑइलवर इंजिन चालवलं तर ते पातळ झालेलं ऑइल काही सांभाळत नाही, आधी ऑइल बदला मगच दोरीला हात लावा. म्हणून ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ऑइल कधीच आपोआप वाढत नसतं.

आता जेट. मेन जेट मधल्या खांबात खालून बसलेला असतो, त्याला बरोब्बर मापाचा चपटा पेचकस पाहिजे, छोटा घेतला तर पितळेची खाच गुळासारखी निघून येते. त्याच्या वर एक लांबट नळी असते बाजूने भोकं पाडलेली, ती पण उलटं करून टकटक केलं की बाहेर पडते, तिच्या सगळ्या भोकांतून उजेड दिसला पाहिजे. पायलट जेट आमच्या इंजिनात वरच्या बाजूला, स्लोच्या, म्हणजे हळू रेस ठरवायच्या, प्लास्टिकच्या स्क्रूखाली दडलेला असतो, तो स्क्रू काढून जेट हलकेच वर उचलायचा. मी तो ट्यूबलाइटसमोर धरला. काहीच दिसेना, पूर्ण अंधार. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारला, दहा मिनिटं ठेवलं, मग विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एक तार घेऊन हळूच सरकवली, परत स्प्रे, परत ट्यूबलाइट, आणि टाचणीच्या टोकाएवढा एक स्वच्छ गोल उजेडाचा ठिपका. खरं सांगतो, मंडळातल्या अर्ध्या लोकांनी तो ठिपका रांगेत उभं राहून बघितला.

तांब्याची तार म्हटलं त्यात पण अर्थ आहे. पितळ मऊ असतं. पूर्वी मी आजीच्या शिवणाच्या डब्यातली सुई घालून माझ्या मोपेडचा मेन जेट "साफ" केला होता, भोक कसं चकचकीत झालं म्हणून खूश, आणि पुढच्या महिन्यात गाडी पेट्रोल प्यायला लागली आणि प्लग कोळशासारखा, कारण साफ नाही, मोठं केलं होतं भोक. सुई, पिन, ड्रिल, काहीही पोलादी नको. स्प्रे मारताना चष्मा लावा, एका भोकात मारलेला दुसऱ्या भोकातून थेट डोळ्यात येतो, आणि तेच तपासायचं पण असतं, प्रत्येक भोकातून मारलेलं कुठून तरी बाहेर आलं पाहिजे. रबराच्या वस्तू आधी काढून ठेवा.

सगळं बसवल्यावरही लीनच वाटत असेल तर हवा चोरून येतेय का बघा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यात पॅकिंग आणि एक जाड इन्सुलेटर असतो, तिथे तडा किंवा बोल्ट सैल असेल तर हिशोबाबाहेरची हवा आत जाते आणि कितीही साफ केलं तरी घोरणं थांबत नाही. इंजिन हळू चालू ठेवून जोडावर साबणाचं पाणी शिंपडायचं, इंजिनाचा आवाज बदलला तर हवा तिथूनच घुसतेय. पेट्रोल शिंपडणारे पण बघितलेत मी, गरम सायलेन्सरच्या बाजूला, त्यांना दुरूनच नमस्कार.

आता स्कूटर-मोटरसायकलवाल्यांसाठी थोडं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, आलं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गायबच झाला, इंजेक्शन आलं. पण इंदूरच्या गल्ल्यांत त्याआधीच्या गाड्या अजून भरपूर पळतात. त्यांच्यात मिश्रणाचा एक छोटा स्क्रू असतो आणि सगळे मिस्त्री पहिला हात त्यालाच घालतात. त्याला हात लावायचाच असेल तर आधी हळूच आत पूर्ण बसेपर्यंत फिरवून किती फेऱ्या झाल्या ते मोजून लिहून ठेवा, जोर लावू नका, टोक चेपतं. बऱ्याच गाड्यांत तो बंद स्थितीपासून दीड ते दोन फेऱ्या उघडा असतो. आणि एक घोळ ध्यानात ठेवा, हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की मिश्रण रिच होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत घेतला की लीन. हे न बघता फिरवणारा नेमका उलट्या दिशेला जातो आणि मग म्हणतो गाडीच भंगार आहे. पद्धत अशी की इंजिन चांगलं गरम झाल्यावर पाव-पाव फेरी फिरवत जिथे रेस सगळ्यात जास्त आणि आवाज सगळ्यात सरळ तिथे थांबायचं, मग वाढलेली रेस स्लोच्या स्क्रूने खाली आणायची.

बऱ्याच जुन्या स्कूटरांच्या कार्बोरेटरमध्ये वरच्या झाकणाखाली एक पातळ रबरी पडदा असतो, तो ओढीने वर उचलला जातो आणि कार्बोरेटरमधला सरकता पिस्टन उघडतो. त्याला भोक पडलं की गाडी स्टार्ट छान होते, स्लो पण छान, फक्त पळतच नाही, कितीही मुठ पिळा. झाकण उघडून पडदा उजेडासमोर ताणून बघा, दोन मिनिटांचं काम.

मावसभावाचं सांवेरकडे शेत आहे, त्याच्या गवत कापायच्या ब्रश कटरची तऱ्हाच वेगळी. त्याला आडवं-उभं कसंही धरून चालवायचं असतं म्हणून त्यात कटोरी-फ्लोट नसतोच, त्याच्या जागी रबरी पडदे असतात, एक पेट्रोल पंप करायला आणि एक मोजून द्यायला. हे पडदे पेट्रोलने कडक होतात. काढून बोटाने दाबला आणि पापडासारखा कुडकुडला तर बदला, पडदे आणि पॅकिंगचा सेट मिळतो. त्याआधी टाकीतला छोटा फिल्टर आणि सायलेन्सरमधली जाळी बघा, जाळी काजळीने बुजली की लक्षणं अगदी कार्बोरेटरसारखीच. त्याला एल आणि एच असे दोन स्क्रू असतात, एल हळू चालण्याचा, एच फुल रेसचा, आणि एचला जास्त आत घ्यायचा मोह आवरा. लीन केलं की आवाज मस्त तीक्ष्ण येतो, वाटतं ताकद वाढली. पण टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइल पण कमी, आणि पिस्टन चिकटतो. भावाने एक पिस्टन असाच चिकटवलाय, दुपारच्या उन्हात, तीक्ष्ण आवाजाच्या कौतुकात. फुल रेसला थोडा भरडा, तुटक आवाज आला तर येऊ द्या.

परत जनरेटरकडे. त्या रात्री साडेअकराला जोडून झाला, ताजं पेट्रोल घातलं, चोक पूर्ण ओढून तिसऱ्या दोरीला लागला, अर्ध्या मिनिटाने चोक सोडला आणि तो चालतच राहिला. खर्च स्प्रेचा डबा आणि एक पॅकिंग.

पण हे दरवर्षी का करायचं, म्हणून अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघून आल्यावर आम्ही पहाटे एक काम केलं. जनरेटर चालू केला आणि चालू असतानाच पेट्रोलचा कॉक बंद केला. कटोरीतलं पेट्रोल संपेपर्यंत तो तीन-चार मिनिटं चालला, शेवटी रेस जराशी वाढली, मग गचका आणि शांत. ड्रेनचा स्क्रू सोडून उरलेले थेंब बाटलीत घेतले, टाकी रिकामी केली आणि ते पेट्रोल एका पोराच्या बाइकमध्ये गेलं. दोरी हळूच ओढून जिथे जड लागते तिथे सोडली, म्हणजे वाल्व बंद राहतात आणि ओल आत जात नाही. खजिनदार काकांनी मंडळाच्या वहीत विसर्जनानंतरच्या कामांत, मखर गुंडाळणे आणि खुर्च्या मोजणे याच्या मध्ये, लाल पेनाने लिहून ठेवलंय: "जनरेटर, कॉक बंद करून मारणे."